स्टडी परमिट नाकारलं गेलं तर कॅनडाच्या फेडरल कोर्टात दाद कशी मागायची

कॅनडाचं स्टडी परमिट नाकारलं गेलं तर त्यावर अपील नसतं. वरिष्ठ अधिकारी नाही, लवाद नाही. हाती उरतो तो फेडरल कोर्टातला न्यायालयीन पुनर्विलोकनाचा अर्ज, आणि तोही ऐकायचा की नाही हे कोर्ट आधी ठरवतं. आपल्याकडे सरकारी निर्णयाविरुद्ध अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात रिट करतात, त्याच प्रकारातला हा उपाय. तुमचा एजंट हा रस्ता सांगत नसेल तर त्याचं कारण सोपं आहे: त्याला तिथे काही करता येत नाही. फेडरल कोर्टात दुसऱ्याच्या वतीने फक्त कॅनडातल्या एखाद्या प्रांताच्या वा प्रदेशाच्या बारचा सदस्य असलेला वकील उभा राहू शकतो. परवानाधारक इमिग्रेशन कन्सल्टंटलाही तिथे बोलायची मुभा नाही. स्वतःचं प्रकरण मात्र स्वतः चालवता येतं, भारतात बसूनही.

पुढचं सगळं स्टडी परमिट डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं आहे. व्हिजिटर व्हिसा आणि वर्क परमिटच्या नकारालाही बहुतेक पायऱ्या ह्याच. क्वेबेकमध्ये शिकण्यासाठी लागणारं सीएक्यू, म्हणजे स्वीकृतीचं प्रमाणपत्र, प्रांत सरकार देतं. ते नाकारलं गेलं असेल तर फेडरल कोर्टाचा संबंध येत नाही.

कोर्ट काय तपासतं

इथेच बहुतेकांचा गोंधळ होतो, म्हणून हे आधी. तुम्ही परमिटला पात्र आहात का, हा प्रश्न कोर्ट स्वतःला विचारतच नाही. व्हिसा अधिकाऱ्यासमोर जी फाइल होती आणि त्याने जी कारणं लिहिली, त्या दोहोंचा एकमेकांशी मेळ बसतो का, एवढंच पाहिलं जातं. आयएलटीएसचे बँड कितीही चांगले असोत, घरची परिस्थिती कितीही भक्कम असो, कारणं फाइलशी जुळत असतील तर तुम्ही हरता. आणि अर्ज मुळात बेताचाच होता, पण अधिकाऱ्याने महत्त्वाचा कागद वाचलाच नाही असं दिसलं, तर तुम्ही जिंकू शकता.

ही कसोटी १९ डिसेंबर २०१९ च्या व्हाव्हिलोव्ह निकालाने पक्की झाली. टोरोंटोत जन्मलेल्या एका तरुणाचे आईवडील रशियाचे छुपे हेर निघाले, म्हणून रजिस्ट्रारने त्याचं कॅनेडियन नागरिकत्व रद्द केलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय अवाजवी ठरवला आणि त्या निमित्ताने सगळ्या सरकारी निर्णयांसाठी एकच चौकट आखून दिली: निर्णय 'वाजवी' आहे का, हे पाहायचं. घटनेचे प्रश्न, संपूर्ण न्यायव्यवस्थेच्या दृष्टीने मध्यवर्ती असलेले कायद्याचे प्रश्न, दोन प्रशासकीय संस्थांच्या अधिकारांची हद्द आणि कायद्यानेच अपील दिलेली प्रकरणं, हे मुख्य अपवाद. स्टडी परमिट यात कुठेच बसत नाही. त्यामुळे 'निर्णय चूक आहे' असं म्हणून भागत नाही. 'दिलेल्या कारणांवरून हा निर्णय उभाच राहत नाही' असं दाखवावं लागतं.

नंतरच्या निकालांनी ही कसोटी सैल केलेली नाही, उलट तिला धार आली आहे. सप्टेंबर २०२३ च्या मेसन निकालात सर्वोच्च न्यायालयाने इमिग्रेशन अपील विभाग या लवादाने लावलेला कायद्याचा अर्थ रद्द केला, कारण त्या अर्थाच्या विरोधातल्या महत्त्वाच्या मुद्द्यांना निर्णयात उत्तरच नव्हतं. जून २०२५ च्या पेपा निकालात कायमस्वरूपी रहिवासाचा व्हिसा घेऊन आलेल्या एका महिलेचा व्हिसा दरम्यान संपला, म्हणून तिचा अपिलाचा हक्कही संपला, असं अपील विभागाने ठरवलं होतं. तेही अवाजवी ठरलं. या दोन निकालांचा तुम्हाला उपयोग कधी? अधिकाऱ्याने एखाद्या कलमाचा भलताच अर्थ लावला असेल तेव्हा. नेहमीच्या 'तुम्ही परत जाल याची खात्री पटत नाही' छापाच्या नकाराला व्हाव्हिलोव्ह एकटा पुरतो.

सनदेतले, म्हणजे चार्टरमधले मूलभूत हक्क यात ओढू नका. देशात येण्याचा हक्क सनदेच्या सहाव्या कलमाने फक्त नागरिकांना दिला आहे. परदेशातून केलेल्या अर्जात समतेच्या हक्कावर चार पानं खर्च केली की न्यायाधीशाचं लक्ष खऱ्या मुद्द्यावरून उडतं.

कोर्ट की नवा अर्ज?

नवा अर्ज करायला कोर्टाची वाट पाहावी लागत नाही, आणि कोर्टात गेल्याने नवा अर्ज अडतही नाही. दोन्ही बरोबर चालवता येतात. नव्या अर्जात आधीचा नकार लपवू नये, एवढं पथ्य. नव्या अर्जावर परमिट मिळालं तर कोर्टातलं प्रकरण निरर्थक होतं, तेव्हा ते मागे घ्यायचं.

निवड कशी करायची? नकाराचं कारण फाइलमधली खरी उणीव असेल तर कोर्टाचा नाद सोडा. १ सप्टेंबर २०२५ पासूनच्या अर्जांना, क्वेबेक सोडून, एकट्या विद्यार्थ्यासाठी वर्षाच्या राहणीखर्चाचे २२,८९५ कॅनेडियन डॉलर दाखवावे लागतात. फी आणि प्रवास वेगळा. तुम्ही १८,००० दाखवले असतील तर कोणताही न्यायाधीश तुम्हाला वाचवू शकत नाही. तसंच, बँक खात्यात अर्जाच्या आदल्या आठवड्यात मोठी रक्कम आली आणि ती कुठून आली याचा एकही कागद जोडलेला नाही, तर तो नकार बहुधा टिकतो. अशा वेळी नीट भरलेला नवा अर्ज हाच शहाणपणा.

उलट, कागद फाइलमध्ये होता आणि कारणांत त्याचा मागमूस नाही, किंवा कारणं इतकी साचेबंद आहेत की ती कोणाच्याही फाइलला चिकटवता येतील, तर कोर्टाचा विचार करा. एकामागून एक तोच नकार येत असेल तर जास्तच, कारण जुने नकार नव्या अधिकाऱ्याला पडद्यावर दिसतात.

खोटी माहिती दिल्याचा ठपका असेल तर गोष्ट वेगळी. इमिग्रेशन कायद्याच्या कलम ४० खाली पाच वर्षांची बंदी येते. तिथे वकिलाशिवाय जाऊ नये. १ डिसेंबर २०२३ पासून प्रत्येक प्रवेशपत्र संबंधित कॉलेजकडून पडताळून घेतलं जातं, त्यामुळे एजंटने दिलेलं पत्र बनावट असेल तर ते उघडं पडतंच. 'मला माहीत नव्हतं' हा बचाव फार क्वचित चालतो.

मुदत

परदेशात उद्भवलेल्या प्रकरणासाठी नकार कळल्यापासून ६० दिवस. कॅनडात उद्भवलेल्या प्रकरणासाठी, उदाहरणार्थ तिथे राहून परमिट वाढवायचा अर्ज केला आणि तो नाकारला गेला, तर फक्त १५ दिवस. इमिग्रेशन कायद्याच्या कलम ७२ मध्ये हे दिलं आहे. दोहोंपैकी आपलं कोणतं याची शंका आली तर १५ धरून चालावं.

मोजणी अशी. पत्र खात्यात ३ मार्च २०२६ ला आलं तर पहिला दिवस ४ मार्च. साठावा येतो २ मे. तो शनिवार आहे, म्हणून मुदत सोमवार ४ मे पर्यंत सरकते. पण पत्र पोर्टलवर आलं त्या दिवशी तुम्ही ते उघडलं नाही, किंवा एजंटने दहा दिवसांनी पाठवलं, हे मोजणीत धरलं जाईलच अशी आशा ठेवू नका. एजंटच्या ईमेलवर आलेलं पत्रही बहुधा तुम्हालाच मिळालं असं मानतात.

मुदत हुकते ती मुख्यतः दोन कारणांनी. पहिलं, फेरविचाराची विनंती. खात्याच्या वेबफॉर्मवरून 'कृपया फेरविचार करा' असं लिहून लोक उत्तराची वाट पाहत बसतात. त्या विनंतीने घड्याळ थांबत नाही. करायचीच तर करा, पण कोर्टाची तयारी चालू ठेवून. दुसरं, अधिकाऱ्याच्या नोट्सची वाट पाहणं. त्याबद्दल पुढे येईलच. इतकंच लक्षात ठेवा की नोट्स हातात नसतानाही अर्ज दाखल करता येतो.

मुदत गेलीच असेल तर वाढवून मागता येते, पण वेगळा अर्ज करून नव्हे. मूळ अर्जातच ती मागावी लागते. कोर्ट चार गोष्टी बघतं: दाद मागायचा इरादा पहिल्यापासून टिकून होता का, प्रकरणात काही दम आहे का, उशिराने सरकारचं नुकसान होतं का, आणि उशिराला पटण्याजोगं कारण आहे का. 'परीक्षा चालू होती' हे पटण्याजोगं कारण नाही. रुग्णालयात दाखल होतो, आणि त्याचे तारखांसह कागद हे आहेत, असं असेल तर ऐकून घेतात.

अर्ज दाखल करणं

फॉर्मचं नाव आयआर-१. कोर्टाच्या संकेतस्थळावर मिळतो, चार-पाच पानांचा आहे आणि ऑनलाइन दाखल करता येतो. शुल्क ५० कॅनेडियन डॉलर. प्रतिवादी म्हणून 'मिनिस्टर ऑफ सिटिझनशिप अँड इमिग्रेशन' लिहायचं. व्हिसा ऑफिस किंवा अधिकाऱ्याचं नाव नाही. खात्याचं नाव वेळोवेळी बदललं तरी कायद्यातलं मंत्र्याचं पदनाम हेच आहे. फॉर्ममध्ये निर्णयाची तारीख, फाइल क्रमांक, निर्णय तुम्हाला कधी कळला, कोणता आदेश हवा आहे आणि थोडक्यात मुद्दे येतात. मुद्दे इथे दोन-चार वाक्यांत पुरेत. सविस्तर मांडणी नंतर.

एक चौकट बारकाईने भरा: लेखी कारणं मिळाली आहेत की नाहीत. नकाराचं पत्र म्हणजे पूर्ण कारणं नव्हेत. पत्रात सहसा ठरावीक परिच्छेद असतात. खरी कारणं अधिकाऱ्याने संगणकीय प्रणालीत लिहिलेल्या नोट्समध्ये असतात, त्यांना सगळे जीसीएमएस नोट्स म्हणतात. जुलै २०२५ च्या अखेरीपासून खात्याने काही प्रकारच्या नकारपत्रांबरोबर या नोट्स आपणहून जोडायला सुरुवात केली आहे, स्टडी परमिटही त्यात आहे. तुम्हाला आल्या असतील तर 'मिळाली' लिहा. आल्या नसतील तर 'मिळाली नाहीत' लिहा. मग इमिग्रेशन नियमावलीच्या नवव्या नियमाप्रमाणे कोर्टाची रजिस्ट्री स्वतःच व्हिसा ऑफिसकडून कारणं मागवते. माहितीच्या अधिकाराचा वेगळा अर्ज टाकून महिना-दीड महिना घालवण्याची गरज उरत नाही.

तरी पूर्ण फाइल हवी असेल तर तीही मागता येते. कॅनडाच्या माहिती अधिकार कायद्याखालचा अर्ज तिथले नागरिक, कायम रहिवासी किंवा कॅनडात असलेली व्यक्तीच करू शकते, शुल्क ५ डॉलर. गोपनीयता कायद्याखाली मात्र जुलै २०२२ पासून परदेशातल्या व्यक्तीलाही स्वतःची माहिती मागता येते, आणि त्याला शुल्क नाही. एजंट याच्यासाठी काही हजार रुपये मागत असेल तर हे लक्षात असू द्या.

अर्जाची प्रत न्याय खात्याच्या प्रादेशिक कार्यालयाला त्याच ६० किंवा १५ दिवसांत बजावावी लागते, आणि बजावल्याचा पुरावा त्यानंतर दहा दिवसांत कोर्टात दाखल करावा लागतो. दाखल केलं म्हणजे झालं, असं समजून बजावणी विसरणारे बरेच असतात.

अर्जदार १८ वर्षांच्या आतला असेल तर त्याच्या वतीने पालकाला प्रतिनिधी म्हणून नेमावं लागतं, आणि अशा वेळी वकील लागतो.

रेकॉर्ड

आता खरं काम. नियमाप्रमाणे अर्ज दाखल झाल्यापासून, किंवा नवव्या नियमाखाली कारणं हाती आल्यापासून, ३० दिवसांत पूर्ण रेकॉर्ड द्यावा लागतो. इमिग्रेशनच्या प्रकरणांचा ढीग साचल्यामुळे कोर्टाने मे २०२५ मध्ये विशेष आदेश काढून ही मुदत ७५ दिवस केली. तुम्ही दाखल कराल तेव्हा तो आदेश लागू आहे का, ते कोर्टाच्या संकेतस्थळावर पाहून घ्या. रेकॉर्ड वेळेत आला नाही तर प्रकरण वाचलंसुद्धा जात नाही, तिथेच फेटाळलं जातं.

रेकॉर्ड म्हणजे एकच पीडीएफ: अनुक्रमणिका, सलग पृष्ठक्रमांक, आणि त्यात आयआर-१ अर्ज, नकाराचं पत्र, कारणं किंवा नवव्या नियमाखाली आलेली नोटीस, प्रतिज्ञापत्र जोडपत्रांसह, आणि शेवटी लेखी युक्तिवाद. शब्द शोधता येतील अशी पीडीएफ हवी. मोबाइलने काढलेले तिरके फोटो नकोत.

प्रतिज्ञापत्र तुमचं असतं. त्यात युक्तिवाद करायचा नाही, फक्त वस्तुस्थिती: मी अमुक तारखेला अर्ज केला, त्याला हे हे कागद जोडले, अमुक तारखेला नकार कळला. मग त्या वेळी अपलोड केलेली प्रत्येक गोष्ट जोडपत्र म्हणून: प्रवेशपत्र, प्रांताने आपल्या कोट्यात जागा दिल्याचं प्रमाणपत्र (पीएएल) लागलं असेल तर ते, शैक्षणिक कर्जाचं मंजुरीपत्र, जीआयसी (कॅनडातल्या बँकेतली हमीची ठेव), वडिलांची प्राप्तिकर विवरणं, स्टडी प्लॅन. भारतात नोटरीसमोर शपथ घेतली तर चालते. प्रत्येक जोडपत्रावर नोटरीची सही आणि शिक्का लागतो, फक्त शेवटच्या पानावर नव्हे.

मराठीतला कागद असेल तर त्याचं इंग्रजी किंवा फ्रेंच भाषांतर, आणि भाषांतरकाराचं प्रतिज्ञापत्र सोबत हवं. इथे सातबाऱ्याचा एक नेहमीचा पेच. आपल्याला सातबारा म्हणजे जमीन, आणि जमीन म्हणजे गावाशी बांधलेला माणूस, हे सांगावं लागत नाही. व्हिसा अधिकाऱ्याला त्यातून किंमत कळत नाही, आणि चुलत्यांसकट सहा नावं असली की हिस्सा किती तेही कळत नाही. मूल्यांकनाचा दाखला, हिस्सा स्पष्ट करणारं पत्र आणि भाषांतर मूळ अर्जातच असतील, तर अधिकाऱ्याने मालमत्तेकडे दुर्लक्ष केलं हा मुद्दा जोरदार होतो. मूळ अर्जात नुसता मराठी सातबारा असेल तर तो मुद्दा जवळजवळ गेला, कारण नवा पुरावा कोर्टात चालत नाही.

हा नियम कडक आहे. अधिकाऱ्यासमोर नसलेला कागद कोर्टासमोर आणता येत नाही. सामान्य पार्श्वभूमीची माहिती आणि प्रक्रिया अन्याय्य होती हे दाखवणारा पुरावा, असे मोजकेच अपवाद. नकारानंतर वडिलांनी लिहिलेलं पत्र, नंतर मिळालेली नोकरीची हमी, हे सगळं नव्या अर्जासाठी ठेवा. ते घुसवलं तर सरकारी वकील आक्षेप घेतो आणि न्यायाधीशाला वाटतं की मूळ फाइल कच्ची होती हे तुम्हीच कबूल करता आहात.

युक्तिवाद लिहिणं

लेखी युक्तिवादाचे चार भाग: वस्तुस्थिती, मुद्दे, मांडणी, मागितलेला आदेश. मर्यादा ३० पानांची आहे, पण स्टडी परमिटला १२ ते १५ पानं पुरतात. कंटाळा न आणता वाचता येईल इतकं लहान असणं फायद्याचं.

बसण्याआधी एक तक्ता करा. डावीकडे नोट्समधलं प्रत्येक वाक्य जसंच्या तसं. मधे त्या वाक्याशी संबंधित फाइलमधला कागद, पृष्ठक्रमांकासह. उजवीकडे दोन शब्दांत दोष: कागदाकडे दुर्लक्ष, कारणच नाही, नुसता तर्क, किंवा कायद्याची चूक. उजवा रकाना रिकामा राहिलेली वाक्यं सोडून द्या. उरलेल्यांतली दोन-तीन सर्वात ठळक घ्या. व्हाव्हिलोव्ह निकालातच बजावलं आहे की ओळीओळीतून चुका वेचत बसणं हे पुनर्विलोकन नव्हे. बारीकसारीक चुकांची लांबलचक यादी मोठ्या चुकीला झाकून टाकते.

नेहमी सापडणारे दोष असे.

अभ्यासक्रमाची 'पुनरावृत्ती'. 'अर्जदाराकडे आधीच पदवी आहे, हा डिप्लोमा तर्काला धरून नाही.' स्टडी प्लॅनमध्ये तुम्ही नोकरीतली विशिष्ट गरज आणि या अभ्यासक्रमातले विशिष्ट विषय जोडून दाखवले असतील, आणि नोट्समध्ये त्याचा एका शब्दानेही उल्लेख नसेल, तर हा सर्वात बळकट मुद्दा. करिअर सल्लागार होणं हे व्हिसा अधिकाऱ्याचं काम नाही, असं कोर्टाने एकाहून अधिक निकालांत म्हटलं आहे. पण स्टडी प्लॅन एजंटने दिलेल्या साच्यातला असेल, 'जागतिक दर्जाचं शिक्षण' छापाचा, तर अधिकाऱ्याने काय वाचायचं राहिलं हे दाखवणं अवघड जातं.

कौटुंबिक बंध. 'अविवाहित, मुलं नाहीत, फिरायला मोकळा.' विद्यार्थी बहुतेक अविवाहितच असतात. नुसतं तेवढं दाखवून 'परत जाणार नाही' हा निष्कर्ष निघत नाही. भारतातले आईवडील, भावंडं, मालमत्ता यांचं वजन दुसऱ्या पारड्यात टाकलं की नाही, ते नोट्समध्ये दिसायला हवं.

पैसा. 'निधी अपुरा' एवढंच लिहिलं आहे, आणि फाइलमध्ये कर्जाचं मंजुरीपत्र, जीआयसी आणि पहिल्या वर्षाच्या फीची पावती आहे. अशा वेळी बेरीज करून दाखवा: लागणारी रक्कम इतकी, दाखवलेली इतकी, अमुक पान. आकड्यांशी न्यायाधीशाला वाद घालता येत नाही.

दुहेरी हेतू. पुढे कधीतरी कायम राहायची इच्छा असणं हा गुन्हा नाही. इमिग्रेशन कायद्याचं कलम २२(२) स्पष्ट म्हणतं की तेवढ्यावरून तात्पुरत्या प्रवेशाला आडकाठी येत नाही, अधिकाऱ्याला मुदतीअखेर परत जाण्याची खात्री पटली म्हणजे झालं. कॅनडात सख्खी बहीण आहे, एवढ्यावरच नकार दिला असेल तर हे कलम मांडा.

याच्या जोडीला दोन निकाल कामाला येतात. १९९८ च्या सेपेडा-गुतिएरेझ निकालाचं सार असं: निष्कर्षाला थेट छेद देणारा महत्त्वाचा पुरावा असेल आणि निर्णयात त्याचा उल्लेख नसेल, तर तो पाहिलाच गेला नाही असा निष्कर्ष कोर्टाला काढता येतो. २००६ चा हसानी निकाल प्रक्रियेबद्दल आहे: कायद्याची अट पूर्ण न करणारा कागद दिला असेल तर अधिकाऱ्याला तुम्हाला कळवायची गरज नाही, पण कागद खरा आहे का किंवा तुम्ही खरं बोलता का याचीच शंका असेल तर आधी तुम्हाला उत्तर द्यायची संधी द्यायला हवी. नोट्समध्ये शंका विश्वासार्हतेची आहे आणि वरवर मात्र ती 'अपुरा पुरावा' म्हणून रंगवली आहे, हे ओळखणं कौशल्याचं काम आहे. सापडलं तर तो स्वतंत्र मुद्दा म्हणून मांडा, कारण प्रक्रियेच्या न्याय्यतेला वाजवीपणाची कसोटी लागत नाही. प्रक्रिया न्याय्य होती का, हे कोर्ट स्वतः ठरवतं.

सरकारी वकिलाचं उत्तर ठरलेलं असतं: अर्जांची संख्या प्रचंड, त्यामुळे छोटी कारणं पुरतात. छोटी कारणं खरंच पुरतात, म्हणून 'कारणं त्रोटक आहेत' हा मुद्दा एकटा टिकत नाही. टिकतो तो असा: 'कारणं इतकी त्रोटक आहेत की या पुराव्यावरून हा निष्कर्ष कसा निघाला ते कळत नाही'. आणि वकील उत्तरात अधिकाऱ्याने न लिहिलेली नवी कारणं रचू लागला तर ती चालत नाहीत, हेही व्हाव्हिलोव्हमध्येच आहे. त्याला प्रत्युत्तर द्यायला तुम्हाला दहा दिवस मिळतात. फक्त नव्या मुद्द्यांना उत्तर द्या, जुनं पुन्हा सांगू नका.

छोटा रस्ता: स्टडी परमिट पायलट

१ ऑक्टोबर २०२४ पासून फेडरल कोर्टाने खास स्टडी परमिटच्या नकारांसाठी सोपी प्रक्रिया प्रायोगिक तत्त्वावर सुरू केली. परवानगी (प्रकरण ऐकायचं की नाही, हा पहिला निर्णय) आणि अंतिम निकाल यांचा एकाच वेळी, कागदांवरूनच, सुनावणीविना निवाडा. नेहमीच्या मार्गाने लागणाऱ्या १४ ते १८ महिन्यांऐवजी सुमारे पाच महिन्यांत निकाल, हा उद्देश. शुल्क तेच ५० डॉलर.

अटी आहेत. अर्ज मुदतीत हवा, मुदतवाढ मागायची नाही. प्रकरण सरळ हवं, वस्तुस्थितीवर वाद नको. खोटी माहिती, सुरक्षा असे आरोप नसावेत. फाइलबाहेरचा पुरावा नाही. आणि दोन्ही बाजूंची संमती लागते. मंत्र्यांच्या वकिलाने नाही म्हटलं तर प्रकरण नेहमीच्या रांगेत जातं. ज्याचे कागद नीट होते आणि ज्याला पुढचं सत्र गाठायचं आहे, त्याने हाच मार्ग घ्यावा. प्रक्रियेच्या अन्यायाचा मुद्दा मांडायला वेगळा पुरावा लागत असेल तर मात्र नेहमीचाच.

पुढे काय होतं

नेहमीच्या मार्गात रेकॉर्ड पोहोचल्यावर सरकारला उत्तराला ३० दिवस. या टप्प्यावर एक चांगली गोष्ट घडू शकते: सरकारी वकील फाइल वाचून स्वतःच म्हणतो, प्रकरण मागे घ्या, दुसरा अधिकारी नव्याने निर्णय करेल. ही तडजोड बहुधा घ्यावी. घेण्याआधी लेखी मागा की निर्णय दुसराच अधिकारी करेल, नवे कागद देता येतील आणि त्यासाठी किती दिवस मिळतील. प्रकरण मागे घेतल्याची नोटीस या पत्रानंतरच दाखल करा.

तडजोड झाली नाही तर न्यायाधीश परवानगीचा निर्णय करतात. इथे पाहिलं जातं ते इतकंच की प्रकरणात वाद घालण्याजोगा मुद्दा आहे का. नाकारली तर सहसा कारणं देत नाहीत, आणि त्यावर अपीलही नाही. दिली तर सुनावणी ३० ते ९० दिवसांच्या आत ठरते आणि व्हिसा ऑफिसला पूर्ण प्रमाणित फाइल पाठवावी लागते. ती आली की लगेच तुमच्या जोडपत्रांशी ताडून पाहा. तुम्ही अपलोड केलेला कागद त्या फाइलमध्ये नसेल तर तोच मोठा मुद्दा ठरू शकतो. त्यासाठी अपलोड झाल्याची पावती किंवा स्क्रीनशॉट जपून ठेवलेला हवा. सुनावणी झूमवरही होते. निकालावर पुढे अपील करायचं तर न्यायाधीशाने व्यापक महत्त्वाचा गंभीर प्रश्न प्रमाणित करावा लागतो. एकट्यादुकट्या विद्यार्थ्याच्या नकारात तसा प्रश्न विरळाच.

हरलात तरी सरकारी वकिलाचा खर्च तुमच्या डोक्यावर येत नाही. विशेष कारण असल्याखेरीज इमिग्रेशन प्रकरणांत खर्चाचा आदेश होत नाही. जिंकलात तर तुमचाही खर्च परत मिळत नाही.

आणि जिंकणं म्हणजे परमिट मिळणं नव्हे. जुना निर्णय रद्द होतो आणि फाइल दुसऱ्या अधिकाऱ्याकडे जाते. तो पुन्हा नाकारू शकतो, फक्त जास्त नीट कारणं देऊन. म्हणून फेरनिर्णयाचं पत्र आलं की त्यातल्या मुदतीत सगळं ताजं करा: गेलेल्या सत्राचं प्रवेशपत्र उपयोगाचं नाही, पुढच्या सत्राचं कॉलेजकडून घ्या, प्रांताचं प्रमाणपत्र लागत असेल तर त्याची मुदत तपासा, बँकेची स्टेटमेंट आणि कर्जाचं मंजुरीपत्र नवं काढा. वैद्यकीय तपासणी साधारण १२ महिनेच ग्राह्य असते, ती संपली असण्याची शक्यता मोठी आहे. बोटांचे ठसे मात्र दहा वर्षं चालतात, ते पुन्हा द्यावे लागत नाहीत. नव्या स्टडी प्लॅनमध्ये आधीच्या नोट्समधल्या प्रत्येक शंकेला नाव घेऊन उत्तर द्या. कोर्टात आणता न आलेला पुरावा इथे देता येतो.